सदतीस जीबीचा पैरा

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा वडिलांच्या कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. खालच्या कपाटातले फोटोंचे दोन अल्बम गेले. गाळ काढता काढता मी ठरवून टाकलं की या कॅसेटींच्या प्रती करायच्या आणि त्या एकाच घरात ठेवायच्या नाहीत. जुलै २०२१ ला पाणी परत आलं, तेव्हाही कॅसेटी माळ्यावरच होत्या आणि प्रती झालेल्या नव्हत्या. माणूस ठरवतो फार.

कॅसेटी आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या. वडील पेटी वाजवायचे, आणि १९८३ पासून १९९६ पर्यंत एकादशीची भजनं, काकड्याच्या पहाटा, सप्त्यातली कीर्तनं त्यांनी टू-इन-वन समोर ठेवून भरून घेतली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्या कंप्यूटरवर उतरवायला घेतल्या. ती कथा इथे नको. चार महिने आणि जुन्या डेकचे तीन रबरी पट्टे खर्ची पडले, एवढंच. एकूण ५८ कॅसेटींपैकी ७ बाजूला काढल्या, कारण त्यांवर रेडिओवरची गाणी होती. ती वाटायचा हक्क माझा नव्हे. तुकोबांच्या अभंगांवर आता कुणाची मालकी नाही, पण गाणाऱ्याचा हक्क निराळा असतो आणि आपल्या कायद्यात तो ५० वर्षं चालतो. म्हणून हयात असलेल्या चौघांना आणि गेलेल्यांच्या घरच्यांना फोन करून विचारलं. एका आजोबांनी उलट मलाच विचारलं, "आमाला काय पैसं भरायचं न्हाईत न्हवं?" नाही म्हटल्यावर म्हणाले, मग खुशाल वाट.

उरल्या ५१ कॅसेटी, ५४ तास. चांगल्या प्रतीत उतरवल्या की तासाला साधारण १ जीबी होतो, म्हणजे ५६ जीबी झाले. भाच्याच्या सांगण्यावरून त्या वेव्हच्या, म्हणजे न दाबलेल्या मूळ फाइलींच्या, फ्लॅक केल्या. फ्लॅकमध्ये आवाज जराही न गमावता फाइल लहान होते. ५६ चे ३७ झाले.

आता हे ३७ जीबी डोंबिवलीचा चुलतभाऊ, सांगलीची बहीण, तिचा पुण्यातला मुलगा आणि न्यू जर्सीतली मामेबहीण, एवढ्या घरांत पोचवायचे होते. गुगल ड्राइव्हवर फुकटात १५ जीबी मिळतात आणि त्यातले निम्मे माझ्या मेलांनी आणि नातवाच्या फोटोंनी खाल्ले होते. पेनड्राइव्ह कुरियरनं डोंबिवलीला पाठवला. तो पोचला, पण उघडेना. व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक फाइल डॉक्युमेंट म्हणून टाकायला लागले, तर तिसऱ्या फाइलला डोंबिवलीच्या दादाचा फोन आला, "अगं, माझा फोन भरला. बास कर."

तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, टॉरेंट कर."

मी म्हटलं, अरे, टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे. मला माहीत होतं ते तेवढंच. आणि एक जुनी आठवण होती. २००४ च्या सुमाराला आमच्या शाखेत एका पोरानं गाणी उतरवायचं असंच कुठलंतरी सॉफ्टवेअर टाकलं. गाण्यांबरोबर व्हायरस आला, संध्याकाळी डे-एंड होईना, आणि रात्री ९ वाजेपर्यंत आम्ही वह्या घेऊन हातानं टॅली करत बसलो. तेव्हापासून या प्रकाराचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडायची.

"रस्त्यावरनं चोरीचा मालपण जातो आणि ऊसपण जातो," भाचा म्हणाला. "म्हणून रस्ता चोराचा होतो का?" मग त्यानं मला थोडा इतिहास ऐकवला. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं. त्यात गाणी लोकांच्याच कंप्यूटरवर असायची, पण कुणाकडे काय आहे याची यादी नॅपस्टरच्या मधल्या सर्व्हरवर. कोर्टानं बोट ठेवलं ते त्या मधल्या यादीवर, आणि २००१ मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं बिटटॉरेंट आणलं. त्यात एका फाइलचे हजारो तुकडे पाडतात, आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्यानं लगेच दुसऱ्याला द्यायला लागायचं. आज उबुंटू, लिबरऑफिस असली मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच टॉरेंट देतात, इंटरनेट आर्काइव्ह तर २०१२ पासून देतं. "तू आधी उबुंटू उतरव," तो म्हणाला. "चोरीचं नाही, फुकट आहे, आणि त्याला माणसं भरपूर. सराव होईल."

क्लायंट, म्हणजे टॉरेंट चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणून क्यूबिटटॉरेंट घेतलं, तेही त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच. सर्च केल्यावर वर जाहिरातीत जे पहिलं बटण दिसतं त्यावर हात लावायचा नाही, अशी भाच्याची सक्त ताकीद होती. उबुंटूच्या पानावरून छोटीशी टॉरेंट फाइल घेतली. काही शे केबीची. मला वाटलं हीच ती, झालं काम. तर ती नुसती पावती निघाली. मालाची यादी, तुकड्यांची संख्या, प्रत्येक तुकड्याची खूण. माल अजून यायचाच होता.

ती पावती क्यूबिटटॉरेंटमध्ये टाकली आणि पुढची दहा मिनिटं मी चहा विसरले. पीअर्सच्या, म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या, टॅबवर झेंडे यायला लागले. जर्मनी, ब्राझील, फ्रान्स, जपान, भारत. प्रत्येकासमोर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घरनंबर, त्याच्याकडे किती टक्के आहे आणि तो मला किती वेगानं देतोय. सुमारे ६ जीबीची फाइल, वीस हजारांवर तुकडे, आणि ते ओळीनं येत नव्हतेच. खालच्या पट्टीत हिरव्या रेघा कुठेही उमटत होत्या, पेरणी झाल्यावर कुठेकुठे कोंब दिसावेत तशा. नंतर कळलं की जो तुकडा कमी जणांकडे आहे तो आधी उचलायचा, अशी त्यात रीतच आहे. दुर्मिळ तुकडा ज्याच्याकडे आहे तोच निघून गेला तर सगळ्यांचंच अडेल.

तेवढ्यात माझं लक्ष अपलोडच्या रकान्याकडे गेलं. तिथे आकडा वाढत होता. माझ्या घरातून काहीतरी बाहेर चाललं होतं! मी सरळ वायफायच्या राउटरचं बटण बंद केलं आणि पुण्याला फोन लावला.

भाचा पोटभर हसला. बाहेर चाललं होतं ते माझं काही नव्हतंच. दोन मिनिटांपूर्वी जर्मनीकडून आलेला उबुंटूचाच तुकडा मी ब्राझीलला देत होते. कंप्यूटरमधलं बाकी काही त्यात जात नाही, ज्या फोल्डरचं टॉरेंट आहे तेवढंच. जे उघडं पडतं ते एकच, तुमचा आयपी पत्ता. मला जसे त्यांचे पत्ते दिसत होते तसा त्यांना माझाही दिसत होता. टॉरेंटवर लपून काही होत नाही. चोरीचा सिनेमा उतरवणाराही असाच चव्हाट्यावर बसलेला असतो, त्याला ते ठाऊक नसतं एवढंच.

आणि मग देवाणघेवाणीचा नियम कळला. दर १० सेकंदांनी तुमचा क्लायंट बघतो की आपल्याला कोण चांगलं देतंय, आणि मोजक्या तशा लोकांनाच तो परत देतो. पण दर ३० सेकंदांनी एका नव्या माणसाला काही न मागता संधी देतो, कारण जो आत्ताच आलाय त्याच्याकडे द्यायला तुकडाच नसतो. मी म्हटलं, अरे, हा तर पैरा आहे! आमच्याकडे भांगलणीला हेच चालतं. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, हिशेब पैशात नाही, दिवसात. आणि नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या पैऱ्याला कुणी हिशेब विचारत नाही. जो नुसता घेतो आणि काम झालं की क्लायंट बंद करून चालता होतो, त्याला तिकडे लीचर म्हणतात, म्हणजे जळू. गावात याहून वाईट शब्द आहेत.

उबुंटू मी नंतर महिनाभर तसंच चालू ठेवलं. वापरलं कधीच नाही.

आता माझं स्वतःचं टॉरेंट. क्यूबिटटॉरेंटच्या टूल्समध्ये नवीन टॉरेंट तयार करायची सोय आहे. फोल्डर निवडलं, तुकडा ४ एमबीचा ठेवला, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास तुकडे. बटण दाबल्यावर माझ्या जुन्या लॅपटॉपनं एकेक तुकडा वाचून त्याची खूण काढायला घेतली. या खुणेला हॅश म्हणतात. तुकड्यातल्या एका बिटमध्ये जरी फरक पडला तरी खूण पूर्ण बदलते. पलीकडे तुकडा पोचला की तिकडचा क्लायंट पुन्हा खूण काढतो आणि यादीशी ताडून बघतो. जुळली नाही तर तुकडा फेकून देतो आणि परत मागतो. २९ वर्षं कॅश मोजलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही. बंडल कुणीही आणून दिलं तरी आपण मोजूनच घ्यायचं.

टॉरेंट झालं, त्याची मॅग्नेट लिंक काढली आणि मोठ्या थाटात डोंबिवलीला पाठवली. मॅग्नेट लिंक म्हणजे नुसती एक ओळ. तिच्यात पावतीसुद्धा नसते, फक्त पावतीची खूण असते. पावती कुणाकडे आहे हे ती खूण दाखवून जगभरच्या क्लायंटांना विचारत जायचं. मधे यादी ठेवणारा कुणी नाही. पत्त्यांची ती वही सगळ्यांत थोडीथोडी वाटून ठेवलेली असते.

दादानं लिंक उघडली. त्याच्या पडद्यावर 'डाउनलोडिंग मेटाडेटा', म्हणजे पावती आणतोय, असं आलं आणि तिथेच बसलं. तासभर झाला. रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर माझा लॅपटॉपच झोपलेला. झोपेची सेटिंग बदलली. तरी काही नाही. दादा म्हणाला, "ते तुझं पेनड्राइव्हच बरं होतं, निदान हातात तरी आलं."

खरं कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि या सगळ्या प्रकरणात मी जे शिकले त्यातलं कामाचं हेच. भाच्यानं मला राउटरच्या पानावर जायला सांगितलं आणि तिथे बाहेरचा पत्ता काय दिसतो ते विचारलं. १०० नं सुरू होणारा होता, पुढे ७२. मग 'माझा आयपी काय' असं सर्च करायला लावलं, तर तिथे वेगळाच पत्ता. तो म्हणाला, मग तू सीजीनॅटच्या मागे आहेस. आयपीचे जुने पत्ते संपत आलेत, म्हणून ब्रॉडबँडवाले अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि आतून १००.६४ ते १००.१२७ मधले आपले घरगुती पत्ते वाटतात. अपार्टमेंटला एकच पत्ता आणि वॉचमनकडे फ्लॅटची यादीच नाही, असं समजा. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, कुणाला बोलावलं तर तो आतही येतो, पण आपणहून आलेल्या पाहुण्याला वॉचमन दारातूनच परत पाठवतो. माझ्या इमारतीत असा वॉचमन, दादाच्या इमारतीतही असाच. दोघं आपापल्या गेटपाशी एकमेकांची वाट बघत बसलो होतो. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं दार, उघडून उपयोग नव्हता, कारण अडणारं दार माझ्या राउटरच्याही पलीकडे होतं.

मी ब्रॉडबँडवाल्यांना फोन केला. तिथल्या मुलानं स्टॅटिक आयपीचे, म्हणजे आपल्या एकट्याच्या कायमच्या पत्त्याचे, दरमहा वेगळे पैसे सांगितले आणि "मॅडम, तुम्हाला सीसीटीव्ही लावायचाय का?" असं विचारलं. भजनं पाठवायची आहेत म्हटल्यावर तो गप्प झाला.

उपाय पैसे न देताच निघाला. दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं तरी पुरतं. भाच्यानं ऑफिसच्या कामासाठी पुण्यात स्टॅटिक आयपी घेतलेला होता. त्यानं आपल्या राउटरवर क्लायंटचं पोर्ट उघडलं आणि त्याच्या खिडकीत खाली असलेलं पिवळं चिन्ह हिरवं झालं. मी पीअर्सच्या टॅबमध्ये त्याचा पत्ता आणि पोर्ट हातानं भरला. दहा-बारा सेकंद गेले. मग माझ्या अपलोडच्या रकान्यात पहिल्यांदा आकडा हलला. आता मी पुण्याला देत होते, आणि डोंबिवलीकरही आपणहून पुण्याच्या दारात जाऊन घेत होता. न्यू जर्सीच्या ताईच्या घरचं दार तर आपोआपच उघडं निघालं, तिच्या राउटरनं स्वतःच पोर्ट मोकळं करून दिलं.

माझा अपलोडचा वेग कागदावर ४० एमबीपीएस. यात एक फसगत आहे, ती बिटची आणि बाइटची. ४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, तेही सगळं सुरळीत असेल तर. मी तो वेग पूर्ण मोकळा सोडला आणि अर्ध्या तासात आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज, "नेट गेलंय का गं?" गेलं नव्हतं. अपलोडची नळी गच्च भरली की आपण पाठवलेली छोटी मागणीसुद्धा रांगेत अडकते आणि मग साधं पानही उघडत नाही. क्लायंटमध्ये अपलोडला ४ एमबीची मर्यादा घातली आणि घरात शांतता झाली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मधे दोनदा लाईट गेली. एरवी ब्राउझरमधून ९० टक्क्यांवर असताना लाईट गेली की मी देवाला काय काय बोलले असते. इथे लाईट आल्यावर सगळ्यांनी होते तिथून पुढे सुरू केलं. तपासून ठेवलेला तुकडा परत आणावा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी चौघांचेही शंभर टक्के झाले. चार घरांत मिळून १४८ जीबी पोचले आणि माझ्या घरातून गेले होते फक्त ५२. बाकीचे त्यांनी एकमेकांना दिले. डोंबिवलीनं पुण्याकडून घेतलं, न्यू जर्सीनं डोंबिवलीकडून, आणि सांगलीच्या बहिणीनं, जिला अजूनही पीअर म्हणजे काय ते माहीत नाही, तिनंही ९ जीबी दिले होते. तिच्या लॅपटॉपवर भाच्यानं सगळं लावून दिलं होतं, ती वर बसून पालक निवडत होती.

आणि मग मी घाण केली.

ऐकता ऐकता लक्षात आलं की २३ नंबरच्या कॅसेटवर मी 'कार्तिकी एकादशी' लिहिलंय आणि वडील मात्र सुरुवातीलाच आषाढी म्हणतात. मी आपलं फाइलचं नाव बदललं, आतली माहितीही दुरुस्त केली. मिनिटाभरात क्यूबिटटॉरेंटनं लाल अक्षरांत फाइल गायब असल्याचं सांगितलं. नाव पूर्ववत केलं, तपासणी लावली, तर त्या फाइलच्या सुरुवातीचा तुकडा जुळेना. साहजिकच होतं. मी आतला मजकूर बदलला होता. माझ्याच मूळ प्रतीत आता खोट होती आणि बरोबर तुकडा पुण्याकडे होता. क्लायंटनं निमूटपणे तो तिकडून आणला आणि माझी दुरुस्ती पुसून टाकली! पावती एकदा फाडली की तिच्यात खाडाखोड नाही. दुरुस्त करायचं तर नवं टॉरेंट, नवी लिंक, आणि सगळ्यांनी जुन्याच फोल्डरवर तपासणी लावून फक्त बदललेले तुकडे घ्यायचे. मी ते केलं. दादानं फोल्डरच दुसरीकडे हलवलेलं होतं, त्यामुळे त्यानं अख्खे ३७ जीबी पुन्हा उतरवले आणि मला चार दिवस फोन केला नाही.

त्यानंतर ठरवलं की नावं बदलायची नाहीत. चुका एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहीत जायच्या आणि वर्षातून एकदाच नवं टॉरेंट करायचं, दिवाळीला.

अजून एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. मॅग्नेट लिंक म्हणजे कुलूप नव्हे. पत्त्यांच्या त्या वाटून ठेवलेल्या वहीत तुमच्या टॉरेंटची खूण गेली की ती वही वाचत फिरणारे लोक आहेतच. एका रात्री माझ्या यादीत नेदरलँड्सचा झेंडा दिसला आणि काही मिनिटांत गेला. भजनांचं कुणी काय करणार, ऐकलीच तर बरंच. पण नातवाचे फोटो मी असे ठेवणार नाही. त्यासाठी भाच्यानं सिंकथिंग लावून दिलंय. तेही मधल्या सर्व्हरवर काही साठवून न ठेवता घराघरांतच चालतं, पण दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या यंत्राची ओळख मान्य केल्याशिवाय काही हलत नाही. शिवाय तिथे फाइल बदलली की ती सगळीकडे बदलते. २३ नंबरच्या वेळी हे माहीत असतं तर चार दिवस दादाशी अबोला झाला नसता. उलट बाजूही आहे: एकानं चुकून पुसलं तर सगळीकडचं पुसलं जातं, म्हणून त्यात जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय आठवणीनं चालू करावी लागते.

सगळ्यात शेवटी लिंक गावी गेली. मंडळात पखवाज वाजवायचे त्यांचा नातू, त्याच्याकडे कॉलेजचा लॅपटॉप आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. रोजचा डेटा संपेपर्यंत तो घ्यायचा, मग दुसऱ्या दिवशी. महिना लागला. शेवटच्या आठवड्यात तो ९९.६ वर अडकला, कारण उरलेले तुकडे द्यायला त्या वेळी कुणाचाच कंप्यूटर चालू नसायचा. त्याचं नेट चालायचं रात्री ११ नंतर, आम्ही सगळे झोपलेलो, आणि न्यू जर्सीची ताई त्या वेळी कामावर. मी भाच्याला तीन रात्री त्याचा कंप्यूटर चालू ठेवायला लावला. तिसऱ्या सकाळी त्याच्या नावापुढे १०० होतं.

दुपारी त्याचा फोन आला. मला वाटलं, आजोबांचा आवाज ऐकून पोरगं भारावलं असेल.

"आत्या, ४१ नंबरला तुम्ही काकड आरती लिवलंय," तो म्हणाला. "आजी म्हणती ती काकड न्हवं. त्या गौळणी हायत, गोपाळकाल्याच्या."

मी म्हटलं, लिहून ठेव बाबा. दिवाळीला बघू.